कोल्ट्रेन शिकायचा तर हॉजेसपासून: एका वादकाची घडण आणि रियाजाचा क्रम

प्रश्न असा आहे: टेनर सॅक्सोफोन दोन-अडीच वर्षं वाजवल्यावर अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची 'जायंट स्टेप्स' ही रचना हातात घेतली. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) पाठ झाले, बोटंही फिरतात, पण कानाला ते पलटे घोटल्यासारखंच लागतं. कोल्ट्रेनच्या हातात त्याचं संगीत कसं होतं? तो कसा घडला, त्याच्यावर कोणाचे प्रभाव होते आणि शिकणाऱ्याने त्यातलं आधी काय घ्यावं, नंतर काय?

सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली आहे, हे आधी सांगतो. 'जायंट स्टेप्स' 1959 च्या मे महिन्यात ध्वनिमुद्रित झालं तेव्हा कोल्ट्रेन 32 वर्षांचा होता. चर्च, ब्लूज, नाचाच्या बँडमधल्या नोकऱ्या आणि ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस व पियानोवादक थेलोनियस मंक यांच्याबरोबरची वर्षं हे सगळं तेव्हा त्याच्या फुंकीत मुरलेलं होतं. त्या रचनेचा सांगाडा कोणालाही कागदावर मिळतो. त्याला मांस चढवणारी फुंक मात्र त्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांतली आहे. म्हणून त्याचे प्रभाव ज्या क्रमाने त्याच्यात आले, साधारण त्याच क्रमाने शिकावेत.

कोल्ट्रेनचा जन्म 23 सप्टेंबर 1926 चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅम्लेट गावचा. बालपण त्याच राज्यातल्या हाय पॉइंटला गेलं. आईचे वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. वडील शिंपीकाम करत आणि हौस म्हणून व्हायोलिन व युकुलेले वाजवत. 1938 च्या डिसेंबरपासून पाच-सहा महिन्यांत आजोबा, वडील आणि आजी असे तिघंही गेले. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याच सुमारास त्याच्या हातात वाद्य आलं: गावच्या बँडमध्ये आधी आल्टो हॉर्न आणि क्लॅरिनेट, मग शाळेच्या दिवसांत आल्टो सॅक्सोफोन. प्रवचनकाराचा आवाज हळूहळू चढत जातो, एकच वाक्य पुन्हा पुन्हा वेगळ्या उंचीवरून येतं, ही चर्चमधली चाल पुढे त्याच्या लांब सोलोंत सतत ऐकू येते. त्याच्या शेवटच्या काळातलं वादन अनेकांना अनाकलनीय वाटतं. ते प्रवचन म्हणून ऐकलं की वाट सापडते.

पहिला मोठा प्रभाव जॉनी हॉजेसचा. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला हा आल्टो वादक स्वराला खालून अलगद उचलून जागेवर आणायचा, आपण मींड म्हणतो तसं. 1954 मध्ये कोल्ट्रेनने हॉजेसच्याच बँडमध्ये काही महिने नोकरी केली. पुढे त्याची पट्टी कितीही वर गेली, वेग कितीही वाढला, तरी संथ रचनांमध्ये हा स्वरलगाव जसाच्या तसा आहे. 1959 ची 'नायमा' ऐका. सुरांची संख्या मोजकी, स्वरविस्तार जवळपास नाही, सगळं वजन एकेक स्वर धरण्यावर. खाली बास पहिल्या भागात 'ई फ्लॅट' सोडत नाही, मधल्या भागात 'बी फ्लॅट' सोडत नाही. कोल्ट्रेन त्यावर फक्त मुखडा वाजवतो, सोलो पियानोला देतो.

तुमच्या रियाजाची पहिली पायरी हीच. रोज दहा-बारा मिनिटं लांब स्वर. मधल्या सप्तकातल्या 'जी'पासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली 'बी फ्लॅट'पर्यंत या. प्रत्येक स्वर बारा सेकंद: चार सेकंदांत अगदी बारीक आवाजातून मध्यम, चार सेकंद स्थिर, चार सेकंदांत परत बारीक. समोर ट्यूनर ठेवा, पण काट्याकडे स्वर सुरू झाल्यावर बघा, आधी नाही. सॅक्सोफोनचा स्वभाव असा की हळू वाजवताना स्वर चढतो आणि जोरात वाजवताना उतरतो. हळू वाजवताना स्वर चढला तर बहुतेक वेळा खालचा ओठ आणि जबडा रीडला (माउथपीसवरच्या कंप पावणाऱ्या पातीला) चावतो आहे असं समजा. जबडा सैल सोडा आणि हवेचा वेग पोटाकडून सांभाळा. ऑक्टेव्ह की (स्वर एक सप्तक वर नेणारी कळ) लावलेला मधला 'डी' जवळपास प्रत्येक वाद्यावर चढा असतो. तो ओठाने उतरवू नका, घसा मोकळा करून उतरवा. हा एक स्वर नीट जमला की वरचं सगळं सप्तक सुधारतं.

लांब स्वरांनंतर दहा मिनिटं ओव्हरटोन. सगळ्यात खालच्या 'बी फ्लॅट'ची बोटं लावा आणि एकही बोट न हलवता वरचे स्वर काढा. क्रम असा येतो: सा, वरचा सा, त्यावरचा प, मग तार सा, त्यावर ग, पुन्हा प. पहिल्या आठवड्यात दुसरा आणि तिसरा स्वर मिळाला तरी पुरे. अडकलात तर तोच स्वर आधी नेहमीच्या बोटांनी वाजवा, घशात त्याची जागा लक्षात ठेवा, मग बोटं खालच्या 'बी फ्लॅट'ला न्या आणि घसा तसाच ठेवा. लोक इथे ओठ आवळतात. स्वर येतो खरा, पण बारीक आणि किंचाळल्यासारखा येतो, आणि ती सवय मोडायला पुढे फार काळ जातो. जीभ आत 'ई' म्हणताना असते तशी उंच गेली पाहिजे, ओठ नाही. कोल्ट्रेनचे वरच्या टोकाचे स्वर भरीव लागतात ते या पायामुळे.

आता वाद्याबद्दल, कारण तो प्रश्न याच्या मागोमाग येतोच. कोल्ट्रेन सेल्मरचं टेनर आणि ऑटो लिंकचा धातूचा माउथपीस वापरायचा. धातूचा माउथपीस म्हणजे झणझणीत आवाज, हा समज चुकीचा आहे. आवाजाचा उजळपणा ठरतो तो आतल्या पोकळीच्या आकारावर आणि टोकाजवळच्या उतारावर. लिंकची पोकळी मोठी आणि उतार कमी, म्हणून मूळ आवाज गडद. त्यातून धार काढली ती कोल्ट्रेनने हवेने. त्याच्यासारखा आवाज हवा म्हणून एकदम कडक रीड लावू नका. अडीच किंवा तीन नंबरची रीड तुमच्या माउथपीसवर खालचा 'बी फ्लॅट' हळू आवाजात सहज देत असेल तर ती बरोबर आहे. कडक रीडवर तो स्वर फक्त जोरातच निघतो, आणि मग माणूस सगळंच जोरात वाजवायला लागतो. कोल्ट्रेनला स्वतःला दातांचा त्रास होता आणि माउथपीसच्या बाबतीत तो कायम असमाधानी असायचा. त्याच्या तडजोडी त्याच्या तोंडासाठी होत्या.

1943 मध्ये तो फिलाडेल्फियाला आला. तिथे ऑर्नस्टीन स्कूलमध्ये वाद्याचं शिक्षण झालं, आणि नौदलातल्या नोकरीनंतर ग्रॅनॉफ स्टुडिओत डेनिस सँडोल यांच्याकडे हार्मनीचं (कॉर्डांच्या रचनेचं). 5 जून 1945 ला त्याने त्याच शहरात आल्टोवादक चार्ली पार्करला प्रत्यक्ष ऐकलं. 1946 च्या जुलैमध्ये, नौदलात असताना हवाईत मित्रांबरोबर केलेलं त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात आल्टोवर पार्करचं अनुकरण स्वच्छ ऐकू येतं, आणि ते अजून कच्चं आहे. शिकणाऱ्यांनी ते जरूर ऐकावं. एकोणीस वर्षांच्या वयात हा माणूस चारचौघांसारखाच वाजवत होता.

टेनरकडे तो वळला तो एडी व्हिन्सनच्या बँडमध्ये, 1947-48 च्या सुमारास. व्हिन्सन स्वतः आल्टो वाजवायचा, त्यामुळे नव्या माणसाला टेनरच घ्यावं लागलं. हा योगायोग मोलाचा ठरला. आल्टोवर पार्करची सावली इतकी दाट होती की तिच्याबाहेर पाऊल टाकणं अवघड. टेनरवर एकच असा कोणी नव्हता. कोलमन हॉकिन्स कॉर्डचे स्वर वरखाली उलगडत जायचा, लेस्टर यंग कॉर्डांवरून आडवी, मोकळी ओळ काढायचा, डेक्स्टर गॉर्डन बीटच्या किंचित मागे राहून रुंद स्वर टाकायचा. कोल्ट्रेनने तिघांचंही घेतलं. तुम्हीही एकाच ब्लूजवर हे तीन मार्ग वेगवेगळे करून बघा. एक फेरी फक्त कॉर्डचे स्वर, एक फेरी फक्त एका स्केलमधली गाण्यासारखी ओळ, एक फेरी सगळं जरा उशिरा. तिन्हींची सरमिसळ पहिल्याच दिवशी केली तर एकही हाताला लागत नाही.

पुढची वर्षं नोकरीची. 1949 ते 1951 ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी, 1952 मध्ये आल्टोवादक अर्ल बॉस्टिक, अधूनमधून दारूच्या गुत्त्यांत ऱ्हिदम अँड ब्लूज. चरित्रांत ही वर्षं घाईने उरकली जातात, आणि ते बरोबर नाही. बॉस्टिकचं वाद्यावरचं प्रभुत्व अफाट होतं. सॅक्सोफोनच्या नेहमीच्या पट्टीच्या वरचे स्वर कसे काढायचे, अवघड कीमध्ये (स्वरपट्टीत) बोटं कशी न्यायची, हे त्याच्या शेजारी बसून शिकण्यासारखं होतं. आणि रोज रात्री ब्लूज वाजवून कोल्ट्रेनचं ब्लूजशी जे नातं जडलं ते शेवटपर्यंत टिकलं. 'ब्लू ट्रेन', 'कझिन मेरी', 'मिस्टर पी. सी.', 'इक्विनॉक्स' हे सगळे ब्लूजच आहेत, आणि 'अ लव्ह सुप्रीम'चा तिसरा भागसुद्धा 'बी फ्लॅट' मायनरमधला बारा बारांचा (बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं आवर्तन, बहुधा चार बीटचं) ब्लूज आहे.

त्यामुळे पाठ करायचा पहिला सोलो 'जायंट स्टेप्स'चा नको, 'ब्लू ट्रेन'चा घ्या. 15 सप्टेंबर 1957 चं हे ध्वनिमुद्रण 'ई फ्लॅट'मध्ये आहे, टेनरवर ते 'एफ'मध्ये येतं, कारण टेनरसाठी सगळं एक स्वर वर लिहितात. पद्धत अशी ठेवा. आधी आठवडाभर फक्त ऐका आणि पहिल्या दोन फेऱ्या तोंडाने गा. गाता येत नाही ते वाद्यावर घेऊ नका. मग वेग निम्मा करून चार-चार बार कानाने उचला आणि लगेच मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवा. लिहून काढायचं ते सगळ्यात शेवटी. छापील नोटेशन समोर ठेवून शिकलं तर स्वर येतात, पण कोणता स्वर जिभेने तोडला आणि कोणता जोडून घेतला, कुठे स्वर गिळला, हे येत नाही. कोल्ट्रेनच्या आठ-आठ स्वरांच्या ओळीत जिभेचा स्पर्श बहुधा बीटच्या मधल्या स्वराला असतो आणि तो बीटवरच्या स्वराला जोडलेला असतो. एवढी एक गोष्ट जमली तरी वाजवणं जॅझसारखं वाटायला लागतं.

1955 च्या शरद ऋतूत माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या पंचकात घेतलं. 1957 च्या वसंतात हेरॉइनपायी ती नोकरी गेली. त्याच वर्षी कोल्ट्रेनने हेरॉइन आणि दारू दोन्ही सोडलं, आणि उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत मंकबरोबर उभा राहिला. कारकिर्दीचं वळण हेच. मंक मध्येच पियानोवरून उठून जायचा, आणि कोल्ट्रेन फक्त बास व ड्रमबरोबर उरायचा. कॉर्ड ऐकवणारं कोणी नाही म्हटल्यावर कॉर्ड आपल्याच ओळीतून ऐकवावे लागतात. शिवाय सॅक्सोफोनवर एकाच वेळी दोन-तीन स्वर कसे निघतात याची वाट मंकनेही त्याला दाखवली. ते स्वर 1959 च्या 'हार्मोनिक'मध्ये ऐकू येतात. मंकच्या त्या चार जणांच्या बँडचं 29 नोव्हेंबर 1957 चं कार्नेगी हॉलचं ध्वनिमुद्रण 2005 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडलं. मंकचा मुखडा मंक स्वतः कसा अडखळवतो आणि कोल्ट्रेन त्याच्याभोवती कसा वळसा घेतो, यासाठी ते परत परत ऐकण्यासारखं आहे.

इथून जे निघालं त्याला समीक्षक इरा गिटलरने 1958 मध्ये 'शीट्स ऑफ साउंड' म्हटलं. लोक त्याचा अर्थ 'फार वेगाने वाजवणं' एवढाच घेतात, पण त्यामागे पक्कं गणित आहे. एका कॉर्डवर कोल्ट्रेन मनात आणखी दोन-तीन कॉर्ड रचायचा. त्याने स्वतः दिलेलं उदाहरण 'सी सेव्हन'चं आहे. तेच टेनरच्या लिखाणात आणलं तर: खाली 'डी सेव्हन' चालू असताना 'एफ सेव्हन', मग 'ए फ्लॅट सेव्हन', मग उतरून 'जी'. 'डी'ला सा धरलं तर 'एफ सेव्हन'मधून कोमल ग, प, कोमल नि आणि कोमल रे मिळतात. 'ए फ्लॅट सेव्हन'मधून तीव्र म, कोमल नि, कोमल रे आणि शुद्ध ग. म्हणजे ताण वाढवणारे स्वर आपोआप हाताला लागतात. इतके स्वर एका बारमध्ये दोन-दोन, चार-चारने बसेनात, म्हणून तो पाच-पाच, सात-सातचे गट करायला लागला.

हा रियाज मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर ठेवून करा. एका बीटमध्ये आधी चार स्वर, मग पाच, मग सहा, मग सात, आणि परत उलट. एकाच स्वरावर टाळी देऊन आधी तोंडाने म्हणा. पाचांचा गट हमखास बिघडतो. पहिले तीन घाईत जातात आणि शेवटचे दोन ताणले जातात. आपलं वादन ध्वनिमुद्रित करून अर्ध्या वेगाने ऐकलं की हे लगेच कळतं. गट समान झाल्याशिवाय त्यात कॉर्ड भरू नका, नाहीतर तो निव्वळ घसरलेला आवाज होतो.

आणि आता 'जायंट स्टेप्स'. सोळा बार, तीन घरं, म्हणजे षड्जाच्या तीन जागा: 'बी', 'जी' आणि 'ई फ्लॅट'. सप्तकाचे तीन समान भाग केले की हे तीन स्वर मिळतात. 'बी'ला सा मानलं तर 'जी' हा कोमल ध आणि 'ई फ्लॅट' हा ग. कॉर्ड बहुतेक दर दोन बीटला बदलतो आणि षड्ज या तीन जागी हलत राहतो, एवढंच त्याचं मर्म. टेनरवर लिहिलेली घरं 'डी फ्लॅट', 'ए' आणि 'एफ'. पहिले तीन बार टेनरवर असे: 'डी फ्लॅट', 'ई सेव्हन' / 'ए', 'सी सेव्हन' / 'एफ'. मुखडा नीट बघितला तर त्याचा दुसरा भाग हा पहिलाच भाग, फक्त तीन घरांपैकी एक घर खाली सरकवलेला. पहिल्यांदा ओळ 'एफ शार्प, डी, बी, जी, बी फ्लॅट' अशी, दुसऱ्यांदा 'डी, बी फ्लॅट, जी, ई फ्लॅट, एफ शार्प'. (हे पियानोचे स्वर, टेनरवर प्रत्येक एक स्वर वर.) ध्वनिमुद्रणाचा वेग मिनिटाला सुमारे 290 बीट, म्हणजे एका कॉर्डला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ.

एवढ्या वेळात कोल्ट्रेन बहुतेक कॉर्डांवर एक साधी चौकडी टाकतो: सा रे ग प. 'डी फ्लॅट'वर 'डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, ए फ्लॅट', 'ई'वर 'ई, एफ शार्प, जी शार्प, बी', 'ए'वर 'ए, बी, सी शार्प, ई', 'सी'वर 'सी, डी, ई, जी'. म्हणजे तुमचं वादन पलट्यांसारखं वाटतं यात चूक शोधायला नको, त्या सोलोत पलटे आहेतच. फरक दोन ठिकाणी आहे. पहिला, कोल्ट्रेनचे पलटे वाक्याच्या आत दडलेले असतात. ओळ बारच्या मध्यावर सुरू होते, दोन चौकड्या जोडून एक उतरती तान होते, मग एक लांब स्वर येतो. दुसरा, त्या प्रत्येक स्वरामागे हॉजेसचा लांब स्वर उभा आहे. 290 च्या वेगातही एकेक स्वर पूर्ण उमटतो. याच ध्वनिमुद्रणात टॉमी फ्लॅनगनसारख्या कसलेल्या पियानोवादकाचा सोलो मध्येच तुकड्या-तुकड्यांचा होतो आणि कॉर्डांवर येऊन थांबतो. ती रचना त्याच्या अंगात मुरायला वेळच मिळाला नव्हता. 1982 मध्ये त्याने ती पुन्हा ध्वनिमुद्रित केली. दोन्ही शेजारी ठेवून ऐका.

हा रचनाप्रकार एका रात्रीत सुचलेला नव्हे. कोल्ट्रेन निकोलस स्लोनिम्स्कीचा 1947 चा स्केलांचा कोश घोटायचा, त्यात सप्तकाचे समान भाग करून केलेले शेकडो पलटे आहेत. पियानोचे हॅनन आणि चेर्नीचे पाठ तो सॅक्सोफोनवर वाजवायचा, हार्पसाठी लिहिलेलं संगीतही. 'जायंट स्टेप्स'कडे जाणारा सोपा जिना हवा असेल तर आधी 'ट्यून अप' आणि मग 'काउंटडाउन' शिका. 'ट्यून अप'चे पहिले चार बार टेनरवर 'एफ शार्प मायनर सेव्हन, बी सेव्हन, ई, ई' असे सरळ जातात. 'काउंटडाउन'मध्ये त्याच चार बारांत 'एफ शार्प मायनर सेव्हन, जी सेव्हन / सी, ई फ्लॅट सेव्हन / ए फ्लॅट, बी सेव्हन / ई'. सुरुवात तीच, मुक्काम तोच, मधल्या रस्त्यात दोन गावं वाढली. हे दोन्ही आलटूनपालटून वाजवलं की या कॉर्डांचा उपयोग कशासाठी आहे हे कानाला पटतं.

गंमत अशी की याच महिन्यांत, 1959 च्या मार्च आणि एप्रिलमध्ये, तो माइल्सच्या 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये नेमकं उलट काम करत होता: आठ-आठ बार एकच स्केल. पुढच्या प्रवासात जिंकली ती ही बाजू. 21 ऑक्टोबर 1960 ला त्याने 'माय फेव्हरिट थिंग्ज' सोप्रानोवर ध्वनिमुद्रित केलं. सिडनी बेशेनंतर जॅझमध्ये फारसं कोणी हाती न घेतलेलं हे वाद्य त्यामुळे पुन्हा चलनात आलं. मूळ गाण्याचे कॉर्ड सोलोमध्ये बाजूला ठेवले आहेत. पियानोवर मकॉय टायनर 'ई'वर आधी मायनर आणि मग मेजर असं चक्र धरून ठेवतो. आपल्या भाषेत काफी थाट आणि मग त्याच षड्जावर बिलावल, फक्त ग आणि नि बदलतात. तेरा मिनिटांहून अधिक चालणाऱ्या त्या वादनातलं सगळं नाट्य त्या दोन स्वरांच्या बदलाचं आहे. कोमल ग सोडून शुद्ध ग येतो तो क्षण कोल्ट्रेन किती लांबवतो ते मोजा.

याच सुमारास रविशंकर यांच्या ध्वनिमुद्रिका तो लक्ष देऊन ऐकत होता, पुढे त्यांची भेट झाली, आणि 1965 मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. 1961 च्या नोव्हेंबरात न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये वाजवलेल्या 'इंडिया'त दोन बास एकच आधारस्वर धरतात, बाजूला एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट आहे. हा राग नव्हे, आणि कोल्ट्रेनचा तसा दावाही नव्हता. त्याने घेतलं ते तत्त्व: आधार न हलवता एका स्वरसमूहात खोल जायचं. ज्यांच्या कानात तानपुरा आहे त्यांना हा भाग सोपा वाटतो आणि नेमके तेच इथे फसतात. आलापासारखं रेंगाळायला लागतात आणि एल्विन जोन्सचा ड्रम विसरतात. या संगीतात आधारस्वर स्थिर असतो, पण त्याखालची लय सतत उकळत असते. तीन आणि दोनची वजनं एकमेकांवर आपटत राहतात. 'इम्प्रेशन्स'वर सराव करताना (टेनरवर सोळा बार 'ई'चा काफी, आठ बार 'एफ'चा, परत आठ बार 'ई'चा) मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर ठेवा आणि तानपुरा लावू नका. आधारस्वर तुमच्या वाक्यांतून ऐकू आला पाहिजे.

टायनर, जोन्स आणि बासवर जिमी गॅरिसन, ही चौकडी 1962 पासून स्थिर झाली. तिचं शिखर 9 डिसेंबर 1964 चं 'अ लव्ह सुप्रीम', न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत एका बैठकीत झालेलं. पहिल्या भागाचा सगळा डोलारा बासच्या चार स्वरांवर आहे: 'एफ, ए फ्लॅट, एफ, बी फ्लॅट', म्हणजे सा, कोमल ग, सा, म. भागाच्या शेवटाकडे कोल्ट्रेन हाच तुकडा एकामागून एक बाराही कीमध्ये फिरवतो आणि मग तो शब्दांत म्हणतो. टेनरवर 'जी, बी फ्लॅट, जी, सी' घ्या आणि हाच तुकडा बाराही कीमध्ये, पण क्रम न ठरवता फिरवून बघा. ठरलेल्या क्रमाने बोटं जातात. क्रम नसला की प्रत्येक उडीचा स्वर आधी कानात यावा लागतो. चौथा भाग, 'साम', त्याहून वेगळा. वेष्टनावर छापलेली स्वतःची प्रार्थना कोल्ट्रेन वाद्यावर अक्षराअक्षराने म्हणतो, ठेका नाही, खाली टिंपनीचा घुमारा. पाठ असलेल्या कोणत्याही कवितेच्या चार ओळी याच रीतीने वाद्यावर म्हणून बघा. वाक्य कुठे संपतं आणि श्वास कुठे घ्यायचा, हे त्यातून जितकं लवकर कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

1965 नंतर वाट पुन्हा फुटली. जूनमध्ये अकरा वादकांचं 'असेन्शन', वर्षअखेरीस टायनर आणि पाठोपाठ जोन्सही बाहेर. नव्या बँडमध्ये पत्नी ॲलिस, फॅरो सँडर्स आणि रशीद अली. 17 जुलै 1967 ला यकृताच्या कर्करोगाने तो गेला, वय 40. या काळातलं एकच सुचवतो: 1967 च्या फेब्रुवारीतलं 'इंटरस्टेलर स्पेस', फक्त सॅक्सोफोन आणि ड्रम. ठेका मोजता येत नाही, पण तीन-चार स्वरांचा एक तुकडा पकडून तो कसा वळवतो, ताणतो, दोन सप्तकांत एकमेकांशी बोलायला लावतो, हे कान देऊन ऐकलं की कळतं. तंत्र 'अ लव्ह सुप्रीम'च्या चार स्वरांचंच, फक्त खालची जमीन काढलेली. हे वाजवायला घ्यायची घाई मात्र नको. यात घसा आवळला जातो, आणि आधीच्या वर्षाचं लांब स्वरांचं काम दोन आठवड्यांत पुसलं जातं.

हाती घेतलेलं 'जायंट स्टेप्स' सोडायचं कारण नाही. मेट्रोनोम 100 वर आणा. पहिला आठवडा फक्त प्रत्येक कॉर्डचा ग, लांब धरून. दुसऱ्या आठवड्यात सा रे ग प, पण एक कॉर्ड वाजवायचा आणि पुढचा मनात म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात चौकडीचा क्रम उलटा, आणि ओळीची सुरुवात कधीही पहिल्या बीटवर नाही. चौथ्या आठवड्यात वेग तोच ठेवून फक्त मुखडा, 'नायमा'च्या आवाजात. त्या वेगात प्रत्येक स्वर पूर्ण भरला तर 8 ने वाढवा. भरला नाही तर 92 वर या.